उदबत्ती आणि हायड्रोजनची टाकी

मित्रमैत्रिणींनो, शिरूरला घरी पोहोचले आणि आधी हे लिहायला बसले.

कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या कारखान्यात आज हायड्रोजनच्या टाकीवर मी तयार केलेल्या रबरी सीलची पहिली चाचणी होती. नळ्या जोडणारे मामा शुभारंभाची उदबत्ती लावायला आले आणि त्याच क्षणी मला दाबाचा काटा उतरताना दिसला. गॅस गळत होता. त्याला वास नसतो. पेटायला एक ठिणगी पुरते.

वर्गातही कधी मोठ्याने न बोललेली मी किंचाळले, “मामा, काडी ओढू नका!”

“अगं पोरी, देवाला लावतोय, बिडी न्हाई वढत!” ते हसले, पण माझा चेहरा पाहून थांबले. आम्ही बाहेर धावलो.

टाकी रिकामी झाल्यावर तपासले, तर गळती माझ्याच सीलमधून होती. उद्या नवे सील बसवायला पुन्हा मामाच असतील. तुमच्या कामावर कुणाचा जीव अवलंबून असेल, तर तुम्हाला झोप कशी लागते?