किसनची होडी मी निवडली

माझ्या बायकोनं माझ्याबरोबर तीस वर्षं संसार केला आणि ती गेली, तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलांना नाही, भावांना नाही. देवापुढेही मी हे कधी तोंडानं बोललो नाही — त्याला ठाऊक असेलच, मग उगाच कशाला, म्हणून गप्प बसलो. आता तुम्हाला सांगतो आहे. का, ते विचारू नका. थकलोय, एवढंच समजा. गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते आता राहिलेलं नाही.

मी मोताळ्याचा सुतार. नाव गणपत. जन्म बैलगाड्या करण्यात गेला. धामणगाव बढ्यापासून मलकापूरच्या कापसाच्या बाजारापर्यंत माझ्या हातची चाकं फिरली. लाकूड पारखण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता — हे मी नाही, लोक म्हणायचे, आणि मी ऐकून घ्यायचो. सागाच्या ओंडक्यावर तासणीच्या दांड्यानं दोनदा ठोकायचं आणि कान लावायचा. खणखणीत वाजलं तर सुकं, निरोगी. बद्द वाजलं तर आत ओल आहे, नाही तर कीड. ओल्या लाकडाचं चाक पहिल्याच उन्हाळ्यात खिळखिळं होतं. हे मला बापानं शिकवलं आणि ते खोटं नाही. गाडीपुरतं तरी खोटं नाही.

किसन भोई माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं घर नळगंगेच्या डोहात जाळं टाकून जगणारं. नदी आटली की त्यांची चूल थंड. म्हणून तो मुंबईकडे गेला आणि वसईच्या पुढे एका कोळीवाड्यात दुसऱ्याच्या होडीवर सहा वर्षं राबला. मागाहून त्याचा मेहुणा नामदेवही तिकडे गेला. नामदेव म्हणजे किसनच्या बायकोचा, रुखमाचा, एकुलता एक भाऊ. दोघांच्या डोक्यात एकच खूळ — स्वतःची होडी घ्यायची. किनाऱ्यालगत घुटमळणारी नाही, खोल समुद्रात जाईल अशी. नवी बांधून घेणं ऐपतीबाहेरचं होतं. जुनीच घ्यायची, पण पारखून.

संक्रांतीला किसन गावी आला तेव्हा माझ्या मांडवात, भुशावरच मांडी घालून बसला. म्हणाला, "मले पाणी समजते बे, लाकूड नाई समजत. तू चाल माह्यासंगं. तू म्हणशीन तेच घेतो."

मी समुद्र पाहिलेला नव्हता. होडीला तर कधी हातही लावला नव्हता. तेव्हाच सांगायला नको होतं का — किसन, हे माझं काम नाही? सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ज्या विश्वासानं त्यानं विचारलं, त्यानं माझी छाती फुगली. मलकापूरला गाडीत बसलो आणि गेलो.

कोळीवाड्यातल्या लोकांना माझं बोलणं ऐकून हसू यायचं. वऱ्हाड म्हणजे निजामाचा मुलूख की नागपूरचा, असं एकानं विचारलं. मलाही ते धड सांगता आलं नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, घाटी आलाय होडी बघायला. किसनला ते झोंबलं. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "हा नुसता ठोकून सांगते, लाकडाच्या पोटात काय हाय ते." झालं. आता मागे कसं फिरणार?

ऐपतीत बसणाऱ्या होड्या दोनच होत्या. एक पाण्यातली — लहान, काळीकुट्ट, जागोजागी ठिगळं मारलेली, मासळीच्या वासानं भरलेली. रोज समुद्रात जायची, रोज परत यायची. दुसरी वाळूवर ओढून ठेवलेली — मोठी, डौलदार, नवा रंग दिलेली. मालक म्हातारा झाला होता, दोन वर्षांत ती पाण्यात उतरली नव्हती. वर झावळ्यांचं छप्पर होतं. किसनचं मन पाण्यातलीवर होतं. तो हळूच म्हणालाही, "हे रोज पाण्यात हाय गणपत, हिचं काही लपलेलं नाई."

मी दोन्हीवर ठोकलं. पाण्यातली बद्द वाजली. वाजणारच, ओली होती. वाळूवरची अशी वाजली की माझ्या मांडवातला उत्तम सागही तसा वाजला नसता. मी हसलो. मोठ्यानं हसलो, त्या घाटी म्हणणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. म्हणालो, ही काळी तर चुलीत घालायच्याही लायकीची नाही. घ्यायची तर वाळूवरची.

इथवर माझं अज्ञान होतं. अज्ञानावर भागलं असतं तर मी आज तुमच्यापुढे बसलो नसतो.

किसन आणि नामदेव मालकाला बोलवायला गेले. मी होडीच्या सावलीत एकटा टेकलो होतो. तळाच्या फळीवर, नव्या रंगातून, एक तपकिरी डाग डोकावत होता — रुपयाएवढा. मध्ये खिळ्याचं डोकं. सुताराचा हात आहे, गप्प बसवेना. पटाशीच्या टोकानं जरा खरवडलं, तर डोकं हातातच आलं. खाली खिळा म्हणून जे होतं ते खराट्याच्या काडीएवढं. दुसरा पाहिला. तिसरा पाहिला. तसेच. खाऱ्या हवेनं लोखंड आतल्या आत खाऊन टाकलं होतं. लाकूड सुकं होतं, उत्तम होतं, माझं त्यात काही चुकलं नव्हतं — पण त्या फळ्यांना धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

सांगतो. थांबा जरा.

जवळच एका करवंटीत राळ होती. ती मी बोटावर घेतली. तिन्ही डोकी होती तिथे परत बसवली, फटी राळेनं बुजवल्या, वर मूठभर वाळू चोळली, आणि बोट धोतराला पुसलं. कोणाला दिसलं नसतं. मलाही नंतर शोधावं लागलं.

ते दोघं मालकाला घेऊन आले. किसननं पुन्हा एकदा विचारलं, "पक्कं ना बे?" मी म्हणालो, पक्कं. डोळे मिटून घे.

का? तुम्ही विचाराल त्याहून जास्त वेळा मी हे स्वतःला विचारलंय. किसनशी माझं वाकडं होतं का? छे. मालकानं मला काही दिलं होतं का? पानसुद्धा नाही. अर्ध्या तासापूर्वी मी त्या लोकांसमोर हसलो होतो, आणि आता त्यांच्यासमोर म्हणावं लागलं असतं — चुकलो. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं किसननं लिहून घेतलेलं पत्र आलं. होडी झकास आहे, खाडीत फिरवून पाहिली, फळ्या फुगून फटी बसल्या, थेंबभर पाणी येत नाही, आता खोल पाण्यात नेतो. मी चौथीपर्यंत शिकलेलो. एक पोस्टकार्ड लिहायचं होतं — खिळे बदलून घे. तिथल्या कोणत्याही सुतारानं चार दिवसांत ते करून दिलं असतं. मी पोस्टकार्ड आणलं, लिहिलंही. लिहिलं की वाचून आनंद झाला, सर्वांस नमस्कार.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. खोल समुद्रात वाऱ्यानं होडीला हिसके दिले आणि तळाच्या फळ्या सुटल्या. किसन एका वल्ह्याला धरून तरंगत राहिला, दुसऱ्या होडीनं त्याला उचललं. नामदेव सापडला नाही.

किसन गावी परतला तो वाकूनच. रुखमा त्याच्याशी बोलेना. लोक भेटायला आले तेव्हा ती भर अंगणात किसनकडे बोट करून म्हणाली, "होडी चांगली होती. पारखून घेतेली होती. यायलेच नाई सांभाळता आली." मी तिथेच बसलो होतो. खांबाला टेकून. लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि माना हलवल्या — बिचारा, एवढी चांगली होडी पाहून दिली होती. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं.

चौथ्या दिवशी किसन माझ्या मांडवात आला. बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "तुह्या निवडीले मी बट्टा लावला, गणपत. वारा पाहून मांगं फिरायले पाह्यजे होतं. मीच लालच केली. मले माफ कर." आणि माझे पाय धरायला वाकला.

तेव्हा तरी? सहा शब्द होते. मांडवात दुसरं कोणी नव्हतं ऐकायला, तो होता आणि मी होतो. मी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणालो, "जाऊ दे बे. माणूस हाय, चुकते."

मी त्याला माफ केलं. तो रडला, आणि जाताना म्हणाला की जरा हलकं वाटलं. मग आठ वर्षं तो सरकी काढायच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी वाहत होता. नदीकडे फिरकला नाही. डोहावरून कोणी मासे आणले तर उठून जायचा. नामदेवाला आपण मारलं असं समजूनच तो मेला. शेवटच्या दुखण्यात रुखमानं पाणी पाजलं, पण बोलली तेव्हाही नाही.

रुखमा आहे अजून. माझ्या घरापासून तिसरं घर. नामदेव गेला त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "दादा, माहा भाऊ तं गेला. तुम्ही आमच्यासाठी एवढ्या दूर गेलते. भाऊबीजेले तुम्हीच येत जा." मी हो म्हणालो. तेव्हापासून दरवर्षी जातो. ती पाट मांडते, मला कुंकू लावते, ओवाळते, आणि माझ्या हातावर करंजी ठेवते. मी ती तिच्यासमोर खातो. यंदाही जाऊन आलो.