शकुबाई आणि ‘पर्पोर्ट’

अंकुशला इंग्रजी मी शिकवलं. पवनारच्या शाळेत सव्वीस वर्षं पोरांच्या डोक्यात स्पेलिंगं कोंबली, त्यातलं हेच एक बेणं पुढे वर्ध्यात एका वकिलाकडे मुन्शी झालं. मोठमोठ्या शब्दांची त्याला भारी भूक, आणि मी मूर्ख ती भागवत बसलो. मला त्याचा अभिमान होता, हे सांगायची आज लाज वाटते.

त्याची नोटीस घेऊन शकुबाई माझ्याकडे आली, ती थेट मळ्यातून, हात न धुता. बासष्ट वर्षांची बाई. धाम नदीच्या काठचा दोन एकर मळा तीच कसते, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, तोडून सकाळच्या बसनं वर्ध्याच्या बाजारात नेते. नवरा अण्णाजी पोळ्यानंतर वारला. तेरवीला त्याचा मुलगा अंकुश तिच्या शेजारी बसून ढसाढसा रडला, आणि महिन्याच्या आत ही नोटीस. वारस मी एकटाच, पंधरा दिवसांत मळा आणि मळ्यातलं घर सोडा.

नोटीस इंग्रजीत होती. मी वाचून सांगत होतो, आणि एका ओळीवर माझी जीभ अडली. ‘शकुबाई, हू पर्पोर्ट्स टु बी द वाइफ.’

तिनं अर्थ विचारला. आता कसा सांगायचा? ‘क्लेम’ म्हटलं तर माणूस हक्क सांगतो. तो खरा निघेल, खोटा निघेल. पण ‘पर्पोर्ट’ लिहिणाऱ्यानं आधीच तोंड वाकडं केलेलं असतं. ही बाई स्वतःला बायको म्हणवते, आम्हाला काही तसं दिसत नाही, असा त्याचा भाव. शिवी देणारा निदान समोर तरी येतो. हा कोट घालून येतो.

“मंग मी त्या घरात तीस वर्सं कोन होती?” शकुबाई म्हणाली.

शकुबाई पाटाची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावून आणलेली. पहिला नवरा साप चावून गेला. इकडे अण्णाजीची बायको गोपिका तापानं गेली, मागे दीड वर्षाचा अंकुश. पाटाला ना पत्रिका, ना बँड, ना फोटो. चार जाणती माणसं, नवं लुगडं, हिरव्या बांगड्या, आणि पोर हिच्या ओटीत. ती चारही माणसं आता राहिली नाहीत. याच भरवशावर त्या उलट्या काळजाच्या माणसानं तो शब्द टाकला. वांग्याच्या टोपल्याशेजारी बसवून जिनं त्याला बाजारात वाढवलं, तिच्यासाठी!

मी अंकुशला फोन लावला. साहेब म्हणाले, सर, कायद्याच्या भाषेत असंच लिहितात, मनावर घेऊ नका. मी फोन आपटला. तेव्हा मला त्याचा दहावीचा फॉर्म आठवला. आईच्या नावापुढे त्यानं ‘शकुबाई अण्णाजी’ लिहिलं होतं. मी म्हटलं होतं, अरे, जन्म देणारी गोपिका ना? तर पोरगं म्हणालं होतं, “सर, आई तर हीच आहे.” खाली अण्णाजीची सही. मार्कशीटवरही तेच नाव, आणि त्याच मार्कशीटवर त्याला ती मुन्शीगिरी लागली. शहाण्याच्या हे डोक्यातूनच गेलं.

दुसऱ्या वकिलाला द्यायला मी उत्तराचा मजकूर लिहिला, सोबत शाळेतून काढलेली फॉर्मची नक्कल जोडली आणि शकुबाईला मराठीत समजावून सांगितला. ‘त्यांचा मुलगा अंकुश’ म्हटलं तशी तिनं मला थांबवलं.

“तिथं तो शब्द टाका. त्यानं माह्यासाठी टाकला तो.”

मी म्हटलं, बाई, सोबतच्या कागदावर तर तुम्ही त्याची आई आहात. मळा त्याच कागदानं वाचणार आहे.

“कागदावर असू द्या, सर. माह्या घरात नाई.”

मी ‘मुलगा’ खोडून लिहिलं, अंकुश, हू पर्पोर्ट्स टु बी हर सन. तिनं कागदावर अंगठा उठवला आणि विचारलं, “हा शब्द त्याले तुमीच शिकवला काय?”

मान खाली घालून मी हो म्हटलं.

“मंग त्याले बरोबर समजन,” ती म्हणाली, आणि मळ्याकडे निघाली.