कौसल्याचं गाठोडं

बोंडअळीच्या साली आम्ही बाया नेरजवळ कापूस वेचत होतो. कौसल्याचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं, म्हणून गर्भाशयाचा तुकडा तपासायला यवतमाळला दिला होता. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही तिला बांधावर सावलीत बसवायचो आणि संध्याकाळी सगळ्याजणी कमरेच्या ओटीतला थोडा थोडा कापूस तिच्या गाठोड्यात टाकायचो. वजन कमी भरलं की तिचा नवरा, तो मुडदा उकंडा, घर डोक्यावर घ्यायचा.

रिपोर्टात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. मीच उकंडाला सांगितलं. तो चक्क हसला.

"कायले खोटं बोलून राह्यल्या? काल सगळ्यात भारी गाठोडं तर हिचंच होतं!"