दुसऱ्याच्या लग्नातला माझा फोटो

इथले अनुभव मी वाचते ते हसायला. स्पष्टच सांगते, राग मानू नका. कुणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कुणी येऊन बसतं... अहो, बसलं तर उतरवा, त्यात काय एवढं? मी इंदूरच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. भुतंखेतं, बाबा-महाराज, अंगात येणं — ह्यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहितेय, कारण घरात हे कुणाला सांगता येत नाही. आणि माझी मुलगी ही साइट वाचत नाही. तिची आवड बरी आहे.

आम्ही सुदामा नगरला राहतो. मी, आमचे हे, आणि गेल्या वर्षी लग्न होईपर्यंत आमची एकुलती एक केतकी. लग्न ठरल्यावर फोटोग्राफर शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण बाप-लेक दोघं कुणाच्याही गोड बोलण्याला भुलतात.

तुम्ही हल्लीचे लग्नाचे व्हिडिओ बघता का? नवरी तलावाकाठी धावते, नवरा उगाच मनगटावरचं घड्याळ नीट करतो, आणि मागून निळा धूर सोडतात... नगर निगमवाले डासांसाठी सोडतात तसा. मग वरून ड्रोन. वरून काय दिसतं? मांडवाचं छत आणि मामांचं टक्कल. एकाच्या कामात सगळी लग्नं संध्याकाळी झालेली, एकाच्या कामात सगळ्या नवऱ्या एकाच रंगाच्या, भाजल्यासारख्या.

मी केतकीला म्हटलं, हे निवडक फोटो बघून काही कळत नाही. हजार काढले की वीस कुणाचेही चांगले येतात. एक लग्न पूर्ण दाखवायला सांगायचं, ग्रहमखापासून पाठवणीपर्यंत, एकही फोटो न गाळता. भर दुपारी हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली हा माणूस काय करतो, म्हाताऱ्यांचे चेहरे येतात का, माळ घालतानाचा नेमका क्षण हुकला का, ते बघायचं. तिघांनी टाळाटाळ केली. मतलब, दाखवण्यासारखं नव्हतंच.

चौथा निलेश. राजेंद्र नगरला दुकानाच्या वर त्याचा स्टुडिओ. बारीक दाढी, डोक्यावर गॉगल, आणि सगळ्यांना भिया, म्हणजे भैया, म्हणायची इंदुरी सवय, केतकीलासुद्धा. मला बघून तो क्षणभर थांबला. मग खुर्ची पुढे करत म्हणाला, "बसा ना काकूजी." मला वाटलं, शाळेतला एखादा नापास झालेला असेल. तसे मला पूर्ण शहरात भेटतात.

पूर्ण लग्न दाखवायला मात्र तो लगेच तयार झाला. म्हणाला, अपना एकच मराठी लग्न पूर्ण ठेवलंय, ते बघा. त्याने मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि मी सुरू झाले. हळद — नवरीपेक्षा मागचा कूलर स्पष्ट. सीमांतपूजन — व्याह्यांचे पाय धुताना पायच कापलेले. आजोबांचा फोटो असा वाकडा की ते आता घरंगळत देवासला जातील. निलेश सगळं ऐकून घेत होता. केतकी खालमानेने बसली होती, माझ्याबरोबर बाहेर गेल्यावर ती नेहमी बसते तशी.

मग मंगलाष्टकं आली. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी, तिच्या मागे मामा, आणि मामांच्या शेजारी एक बाई, नवरीच्या खांद्यावर हात ठेवून. मी म्हणणार होते की ह्या बाईने फ्रेम बिघडवली आहे.

केतकी म्हणाली, "आई, ही तू आहेस."

मीच होते. सारखी दिसणारी वगैरे नाही. चष्मा माझा, भुवईवरचा व्रण माझा, कांद्याच्या रंगाची महेश्वरी साडी माझी. पुढच्या फोटोतही मी. त्याच्या पुढच्यातही.

निलेशला ह्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसेना. म्हणाला, काकूजी, मी तर तुम्हाला येतानाच ओळखलं, मला वाटलं तुम्ही त्या लग्नातलं काम बघूनच आलात. नवरीचं नाव त्याने मानसी सांगितलं, पण अशा कुणाला मी ओळखत नाही. तिच्या घरचं कुणी मला माहीत नाही. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जी तारीख होती, त्या दिवसांत मी कुठेही गेलेले असणं शक्य नव्हतं. सियागंजमध्ये मसाले घ्यायला गेले असताना पाय घसरून माझा घोटा मोडला होता, आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. केतकीने फोन काढून शोधलं. नेमक्या त्याच सकाळी तिने माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. पलंगावर मी, उशीवर पाय, समोर ह्यांनी केलेले पोहे आणि माझा त्या पोह्यांकडे बघतानाचा चेहरा.

आता तुम्ही सुरू व्हाल, म्हणून आधीच सांगते. मला जुळी बहीण नाही. मी तेव्हा झोपेत नव्हते, पोहे कोरडे का झाले ह्यावर वाद घालत होते. आणि निलेशने कॉम्प्युटरवर मला त्या फोटोत घातलं असेल, तर ज्याला म्हातारा माणूस सरळ उभा दाखवता येत नाही, त्याला एवढं कुठून जमणार? शिवाय का? घरी येऊन कपाट उघडलं. महेश्वरी धोब्याच्या घडीतच होती.

मी म्हटलं, विषय संपला, दुसरा फोटोग्राफर बघू. केतकी ऐकेना. तिने निलेशकडून मानसीच्या माहेरचा पत्ता घेतला होता. काम कसं झालं हे आधीच्या लोकांना विचारायला हवं, हा तुझाच नियम आहे, म्हणाली. आणि रविवारी सकाळी तिने मला गाडीत बसवलं.

दार मानसीच्या वडिलांनी उघडलं. माझ्याच वयाचे, सडपातळ गृहस्थ. मी बोलायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "आलात शेवटी. लग्नातून न जेवता कुणी जातं का?"

आत बसल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. मानसीची आई लग्नाआधीच्या पावसाळ्यात गेली. लग्न पुढे ढकलायला तिनेच मना केलं होतं. मंगलाष्टकांच्या वेळी मुलगी थरथरायला लागली, आणि तेवढ्यात मी गर्दीतून येऊन तिच्या मागे उभी राहिले. त्यांना वाटलं मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. गुरुजी भराभर उरकत होते, तर मी त्यांना म्हटलं, मंगलाष्टकं म्हणताय की गाडी पकडायची आहे? निलेश अंतरपाटाच्या मध्ये घुसला होता, त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा धरून त्याला बाजूला ओढला आणि विचारलं, तू लग्नाला आलायस की लग्न तुझं आहे?

केतकी हसायला लागली आणि मध्येच थांबली. मला हसू आलं नाही. चेहरा सारखा असतो एखाद्याचा, साडीही असेल. पण ही वाक्यं माझी होती. मी तिथे असते तर हेच बोलले असते, ह्याच शब्दांत.

मानसी योगायोगाने माहेरी आलेली होती. आतून आली, वाकून नमस्कार केला आणि तशीच खाली बसून राहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही कानात म्हणालात, घाबरू नकोस, मी आहे इथे. तेवढ्यावर उभी राहिले मी."

मी कुणाला असं म्हणत नाही. वर्गात रडणाऱ्या मुलींना मी तोंड धुऊन यायला सांगत असे. मी मानसीला सांगणार होते की बाई, तुझी गफलत होते आहे. केतकीने माझा हात दाबला आणि तिला म्हणाली, आईचं तेव्हा औषध चालू होतं, तिला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. इतकं धडधडीत खोटं माझ्यासमोर बोललं गेलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. चहा घेतला, त्यांनी आग्रहाने वाढलेली कचोरी खाल्ली. तेल जुनं होतं, तेही बोलले नाही.

परतताना केतकी गाडी चालवत होती. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या लग्नात अशी उभी राहशील?"

मी म्हटलं, राहीन, त्यात विचारायचं काय? ती म्हणाली, नाही, त्या फोटोत तू तिच्याकडे ज्या नजरेने बघते आहेस, तशी तू माझ्याकडे कधी बघितलेली मला आठवत नाही. भांडणाच्या सुरात नाही, साधं सांगावं तसं. सिग्नल हिरवा झालाय, एवढं बोलले.

निलेशलाच ठरवलं. माझा विरोध होता.

लग्नाच्या दिवशी मी ठरवून वेळेवर तयार होते. मुहूर्ताला थोडा वेळ होता म्हणून स्वयंपाकाकडे नजर टाकायला गेले, आणि बघते तर कॅटररने मसालेभातावर शेव पसरवलेली. मसालेभातावर. वर मलाच समजावतो की काकूजी, इंदूर में तो सब पे चलता है. मी त्याला ती शेव चमच्याने काढायला लावली. एक परात झाली, दुसरी झाली. तिकडे भटारखान्याचे पंखे आणि भांडी, हॉलमधलं काही ऐकू येईना. बाहेर आले तर टाळ्या वाजत होत्या, आणि जमिनीवर अक्षता सांडलेल्या होत्या. माझ्या मुलीची मंगलाष्टकं झाली होती. मी नव्हते.

कॅटररला विचारा. त्याची पोरं होती तिथे, आमच्या नात्यातल्या दोघीजणी होत्या. सगळ्यांसमोर मी त्या परातीशी उभी होते.

केतकीची माफी मागायची म्हणून मी तिच्याकडे गेले, पण तोवर सप्तपदी सुरू झाली, मग जेवणं, मग पाठवणी. निघताना ती गळ्यात पडली, तेव्हा मी तिचा पदर नीट केला.

महिन्याभराने निलेश फोटो घेऊन आला. कामाबद्दल बोलायला नको. जावयाच्या मावशीला जांभई देताना पकडलंय, ह्यांचं अर्धं डोकं गायब. मंगलाष्टकांपर्यंत आले. अंतरपाटाच्या अलीकडे केतकी, मागे माझा भाऊ, आणि त्याच्या शेजारी मी. त्या दिवशी नेसलेलीच हिरवी पैठणी. हात केतकीच्या खांद्यावर. आणि चेहरा... तो चेहरा मी आरशात कधी बघितलेला नाही.

ह्यांना विचारलं, मंगलाष्टकांच्या वेळी मी कुठे होते? हे म्हणाले, कुठे म्हणजे? केतकीच्या मागे. गुरुजींवर खेकसलीस ना.

ह्याचा अर्थ मला लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणी लावू नका, तुमचे अर्थ मला माहीत आहेत. मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर हेवा वाटतो. ती जी कुणी आहे, ती नेमक्या वेळी नेमक्या जागी पोहोचते, आणि मी शेव काढत असते.

केतकी आता पुण्याला असते. फोटो तिला पाठवले त्या संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आई, मला वाटलं होतं तू कामात अडकशील, येणार नाहीस. मग म्हणाली, "शेवटपर्यंत हात काढला नाहीस."

मी म्हटलं, "कसा काढणार?"