रडायची जागा

ठगुबाईला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती मागांच्या शेडच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर काही महिन्यांची पोर. तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, आणि आवाज म्हणून नाही. आत पॉवरलूमचा खडखडाट एवढा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येऊ नये. मी सुरतेत नवीन होते, मराठी शाळेत मास्तरीण, आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायची खोड अंगात मुरलेली. मी वाकून ओरडले, "अहो, पोर रडतंय तुमचं." तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "माले दिसस ना, बाई. रडू द्या तिले. आठे कोनी जपेल नही."

इथे कोणी झोपलेलं नाही, हे तिचं उत्तर मला कळायला पुढे काही आठवडे गेले. लिंबायतमधली आमची गल्ली म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, आणि खोल्याखोल्यांतून खानदेशातून आलेली माणसं. माग रात्रंदिवस चालायचे. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा येऊन पडायचा, त्यामुळे भर दुपारी गल्लीतली निम्मी माणसं झोपलेली असत. झोप न झालेला माणूस रात्री मागावर पेंगला तर हात पट्ट्यात जायचा. असे दोघं तिघं गल्लीत होते, उजवा हात धोतरात लपवून बसायचे. म्हणून दुपारी कुणाचं पोर रडता कामा नये, हा तिथला कायदा. तो कायदा सांभाळत होती ती बाळगोळी.

ज्वारीच्या दाण्याएवढी काळपट गोळी, किराण्याच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळायची. पोर दूध टाकतं, पोट धरतं, म्हणून द्यायची. आईच्या दुधात विरघळवून चाटवली की दूध टाकणं थांबायचं, रडणं थांबायचं, आणि पोर दुपारभर झोळीत गपगार पडून राहायचं. गोळीत अफू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ठगुबाईनं स्वतःची पोरं त्याच गोळीवर वाढवली होती. त्यातला एक भगवान तेवढा राहिला. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून यमाला फसवायला आईनं हिचं नाव ठगुबाई ठेवलं होतं. मी त्यावरून एकदा तिला चिडवलं, तर म्हणाली, "ते नाव मनापुरतंच चालनं." तिच्यापुरतंच चाललं, पोरांना नाही, असं तिला म्हणायचं होतं.

भगवानची मुलगी रेखा, तीच ती मांडीवरची पोर, जन्मापासून दूध टाकायची. पाजून खांद्यावर घेतलं की निम्मं दूध ठगुबाईच्या पाठीवर. तिच्या लुगड्याला कायम आंबूस वास यायचा, आणि त्यावरून भगवानची बायको कमल नाक मुरडायची. कमल वाईट नव्हती. वीस वर्षांची पोर, दिवसभर कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, घरी आल्यावर तिला जमिनीला पाठ टेकायचं तेवढं सुचायचं. गोळी सुरू झाली आणि घरात शांतता झाली. मग पोर वाळायला लागली. डोळे अर्धे उघडे ठेवून पडून राहायची, अंगावर माशी बसली तरी हलायची नाही. ठगुबाईनं तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुजराती होता, पण बोलला ते तिला नीट समजलं. गोळी तोड, म्हणाला, पण एकदम नको, धीरे धीरे.

तेव्हापासून ती नखानं गोळीचा कपचा काढायची, गटारात टाकायची, उरलेली द्यायची. दर थोड्या दिवसांनी कपचा मोठा व्हायचा. पोर रडायला लागली, आणि रडण्याला गल्लीत जागा नव्हती. तेव्हा तिनं ही भिंत शोधून काढली. दुपारी पोर उठली की काखेत मारायची आणि शेडकडे निघायची. येणारेजाणारे हसायचे. म्हातारीला मागाचं गाणं ऐकल्याशिवाय करमत नाही म्हणायचे. ती कुणाला उत्तर देत नसे. मला मात्र एकदा म्हणाली, "बाई, जपेल पोर कोठे जास, कोन जाने. रडस ते आठेच शे."

मी शाळा सुटल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसायला लागले. बोलणं शक्यच नव्हतं. दोघी पोरीच्या उघड्या तोंडाकडे बघत बसायचो. हळूहळू ते तोंड मिटायला लागलं. रेखा इकडेतिकडे पाहायला लागली. दूध अजून टाकायचीच, पण टाकून हसायची. मला त्या पोरीचा लळा लागला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्या घरी पाळणा हलला नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ठगुबाई पोरीला घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा, जणू देवीचा नवस फेडून आली आहे. "आज काईच दिधं नही. नखभर बी नही," म्हणाली. गोळी पुरती सुटली होती. रेखानं माझा चष्मा ओढून खाली पाडला, काच तडकली. ठगुबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात निरोप आला. डिंडोलीला तिच्या नात्यात कुणी वारलं होतं, दारावर जाणं भाग होतं. कमल घरीच होती, वीज गेल्यामुळे माग बंद पडले होते. पोरीला कमलच्या हवाली करून ठगुबाई गेली.

माग बंद, म्हणजे भिंत मुकी. दुपारी रेखा रडायला लागली ती साऱ्या गल्लीला ऐकू गेली. भगवान रातपाळी करून झोपला होता. त्यानं एकदा शिवी दिली, दुसऱ्यांदा तांब्या फेकला. कमलनं फळीवरची डबी काढली आणि एक गोळी दिली. अख्खी. पोरीनं तशी तर महिनोन्महिने रोज खाल्ली होती. सवय तुटलेल्या जिवाला जुना घास पचत नाही, हे तिला कोण सांगणार? ते ठगुबाईलाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

दिवेलागणीला ठगुबाई परतली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. आम्ही रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोरीचे डोळे उघडून पाहिले आणि स्टेथोस्कोप खाली ठेवला. किती गोळ्या दिल्या, त्यानं विचारलं. भगवान कमलकडे बघत होता, आणि त्याचं ते बघणं मला आजही विसरता येत नाही. कमल तोंड उघडणार तेवढ्यात ठगुबाई पुढे झाली. "सकायले मी एक दिधी व्हती. हिले सांगानं ऱ्हाई गयं. हिनी आखो एक दिधी. चूक मनी शे."

मी सकाळी तिचा चेहरा पाहिला होता. ती माझ्याकडे वळली, आणि तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली. मी डॉक्टरला तेच खरं मानू दिलं.

भगवान आईशी परत बोलला नाही. पोरीला माती दिल्यावर काही दिवसांनी त्यानं तिचं गाठोडं बांधून दिलं. अमळनेरकडच्या गावी तिचा भाऊ होता. स्टेशनवर सोडायला मी एकटीच गेले. भुसावळ पॅसेंजरच्या खिडकीतून ती बाहेर बघत होती. मी विचारलं, "असं का केलंत ठगुबाई?" ती म्हणाली, "त्यानी तिले घरमाईन काढी दिधं असतं. तिले आखो पोरं व्हतीन, बाई. मनं काय, मनं व्हई गयं." गाडी हलली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्याच उन्हाळ्यात ती गेल्याचं पोस्टकार्ड आलं.

पुढे कमलला मुलगा झाला. भर दुपारी मी झबलं-टोपडं घेऊन गेले. भगवान खाटेवर झोपला होता. झोळीत पोर गपगार पडलं होतं, डोळे अर्धे उघडे. फळीवर डबी दिसली. मी म्हणाले, "कमल, अगं, पुन्हा तीच गोळी? एवढं झाल्यावर?"

कमल हळू आवाजात म्हणाली, "हाऊ बी दूध टाकस ना, बाई. पन मी एकच देस. एकनी काई व्हत नही. त्या दिनले दोन व्हयन्यात, म्हनीसन तसं व्हयनं. सासूबाईच सांगी गयी ना, दवाखानामा."

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत भगवान कुशीवर वळला. कमलनं ओठांवर बोट ठेवलं आणि झोळीला हलकाच झोका दिला.