पत्र्याच्या शेडखालची माती

शाळेच्या संचालकानं बाईंना फसवलं, आणि त्यासाठी माझा हात वापरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणावर चिडून लिहितोय ते तुम्हाला शोधत बसायला नको.

बाई जबलपूरच्या अधारताल भागातल्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवायच्या. वर्गात आल्या की पदर कमरेला खोचायच्या आणि समोर जे दिसेल त्याच्याकडे बोट करून विचारायच्या, "काहून?" डब्यात आज ज्वारीची भाकरी, काहून? मझौलीच्या मामाच्या घरावर उतरती कौलं आणि तुझ्या घरावर सपाट स्लॅब, काहून? बाई मूळच्या विदर्भातल्या परतवाड्याकडच्या, त्यांच्या तोंडातून 'का'साठीचा हा वऱ्हाडी शब्द जाईना. पोरं बहुतेक हिंदी बोलणारी. थोड्याच दिवसांत तीही घरी जाऊन आईचा जीव खायला लागली, "मम्मी, काहून?"

माझी नात त्याच वर्गात. आमच्या विदर्भातल्या घरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. जबलपुरात लोक विचारतात, हे खेळणं घेऊन कुठं निघाले? नातीनं बैल शाळेत नेला तर एक पोरगा फिदीफिदी हसला. बाईंनी त्यालाच बैल धरायला दिला आणि विचारलं, तुमच्याकडे बैलाचा सण नाही, काहून? त्यानं घरी विचारून आणलं, की त्याच्या गावी दिवाळीनंतर गाई-बैल सजवतात. मग दोघं बैलाच्या शिंगांना काय लावायचं यावरून भांडत बसले. बाईंनी मध्ये पडायचं नाव काढलं नाही.

माझं भाजीचं ठोक दुकान मेन रोडवर आहे. हातगाडीपासून इथवर आलोय. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही, आणि माझा आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला पाठ आहे. हिवाळ्यात एकदा बाई सगळा वर्ग घेऊन दुकानात शिरल्या आणि मटाराच्या पोत्यांकडे बोट करून विचारलं, हा कुठला? मी म्हटलं, इथल्या जवळच्या पनागरचा.

"काहून पनागर?"

"बाई, माल येते, मी विकतो. काहून ते देवाला विचारा."

"देव पनागरला नांगर धरत नाही, भाऊ. तुम्ही सांगा."

सकाळचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि ह्या उभ्याच. मी जरा गुरकावलोच. तरी शेवटी पनागरची काळी जमीन, हिवाळ्यातली थंडी, शहराला लागून असलेला रस्ता, जमेल तसं सांगितलं. एक पोरगी म्हणाली, म्हणजे रस्ता नसता तर तिथल्या लोकांनी दुसरंच काही पेरलं असतं? मी गिऱ्हाईकाकडे वळलो. बाईंचा चेहरा मात्र असा फुलला, की जणू त्यांनाच कुणी काही बक्षीस दिलं.

त्यानंतर त्यांनी प्रत्येक पोराला आजा-आजीच्या गावची माती आणायला सांगितली. शाळेच्या आवारात पत्र्याची एक शेड रिकामी पडली होती. तिथं जमिनीवर चुन्यानं नर्मदा काढली आणि ज्याचं गाव जिथं, तिथं त्याची माती पसरली. पनागरची काळी, डोंगराकडची लाल, नदीच्या घाटावरची वाळू. आमची माती वर्ध्याकडून चुलतभावानं पाठवली. ती नकाशाच्या पार बाहेर, भिंतीला टेकली. पोरं अनवाणी एका गावातून दुसऱ्या गावात जायची आणि तिथले लोक काय पिकवतात, काय खातात, काय साजरं करतात ते सांगायची.

एक मुलगी रिकाम्या हातानं आली. बाईंना म्हणाली, "दीदी, हमारा गाँव तो पानी में है।" नर्मदेवरच्या बरगी धरणात गेलेलं गाव. बाईंनी तिला काहून विचारलं नाही. पुढं एप्रिलात पाणी ओसरलं तसा त्या मुलीचा आजोबा उघड्या पडलेल्या गाळात उतरला आणि पिशवीभर माती घेऊन स्वतः शाळेत आला. शेतकऱ्यांचं गाव होतं, म्हणाला. कुणी जाळं घेतलं, कुणी शहरात रिक्षा धरली. "ज़मीन गई तो काम गया, काम गया तो रिश्ते भी नई जगह होने लगे।" पोरांनी जागा करून दिली. त्यानं आपल्या हातानं माती पसरली.

मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पांढरे मोजे मळतात, शाळा आहे की शेत. संचालकानं शेड रिकामी करायला सांगितली. बाई दुकानात आल्या, म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला सौदा जमते. माझ्यासाठी बोला."

मी बोललो. संचालक म्हणत होता, प्रवेशाचे दिवस आहेत, जागा चकाचक दिसली पाहिजे. मी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. शेवटी ठरलं की माती राहील. बदल्यात बाई पोरांना बाहेर नेणार नाहीत, बाकीचे तास पडद्यावरचे धडे दाखवतील. त्यानं हात पुढं केला. "ज़बान दी, सेठजी।" आमच्या बाजारात हात दिला की सौदा पक्का. जो फिरतो त्याच्या गाळ्यावर दुसऱ्या दिवशी कुणी उभं राहत नाही. मी बाईंना निश्चिंत राहा म्हटलं. त्यांनी आपली बाजू त्याच दिवसापासून पाळली. घाटावरची ठरलेली सहल रद्द केली, पोरं रडली तरी.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि शेड साफ झाली. तिथं आता हिरवं प्लास्टिकचं गवत आहे, पालकांसाठी सोफा आहे, आणि भिंतीवर बर्फाच्या घरातल्या माणसांचं मोठं चित्र आहे. जूनमध्ये बाईंची तिसरी दुसऱ्याला दिली, त्यांना ऑफिसात बसवलं. त्या माझ्याकडे आल्या. संचालकासाठी माझ्या शिव्या तयार होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोलले होते न." त्यांनी मलाच शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नंतर त्या नरसिंहपूरला बहिणीकडे गेल्या. राजीनामा तिथूनच आला. खोलीचं सामान न्यायलाही भाचा आला.

मी संचालकाला गाठलं. तो हसला. "सेठजी, मिट्टी ही तो थी। और मँगवा लेंगे।"

कुठून मागवणार? पावसाळा लागलाय, ते गाव पुन्हा पाण्याखाली गेलंय, आणि तो म्हातारा दरवर्षी गाळात उतरू शकेल असा राहिलेला नाही. संचालक साहेब, तुमच्याशी आता सौदा नाही. तुम्ही चौथीच्या वर्गात जा. त्या मुलीसमोर उभे राहा. तिच्या गावची माती कोणत्या ट्रॉलीत भरली आणि कुठं नेऊन फेकली, ते तुमच्या तोंडानं तिला सांगा. सोमवारी शाळा भरायच्या वेळी मी वर्गाच्या दाराशी असेन.