मजीदचा पांढरा रुमाल

शहागंजच्या मागच्या गल्लीत मजीद चाळीस वर्षं नान लावत होता. मैद्याचा गोळा हातातल्या कापडी गादीवर पसरायचा, वर हळद-गुळाचं पाणी फिरवायचं आणि तंदूरमध्ये छातीपर्यंत वाकून तो भिंतीला थापायचा. दिवसातून तीनशे वेळा. खांद्यावर लाल रुमाल असे. वर्षभर त्याचा घोळणा फुटत होता, पण त्या लाल रंगामुळे बायकोला, जैतुनबीला, फार उशिरा कळलं. कांदा हुंगवून झाला, टाळूवर गार पाणी ओतून झालं. मग एका सकाळी मैद्याच्या परातीतच रक्ताची धार लागली.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी नाकात दुर्बीण घातली. आत खोलवर रक्तवाहिनी फुटत होती, ऑपरेशन करून ती बंद करावी लागणार होती. रक्त पातळ करणारी गोळी घेता का, असं बाईंनी दोघांनाही विचारलं. दोघं नाही म्हणाले. तसल्या गोळ्या हृदयाचे पेशंट घेतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी नाकातली पट्टी काढली. संध्याकाळी घरी सोडणार होते. दुपारी मजीदचं डोकं ठणकायला लागलं, तसं त्यानं नुसतं तिच्याकडं पाहिलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

तासाभरात उशी भिजली. रक्त घशात उतरत होतं, तो ते गिळत होता. नर्स धावली. बाईंनी त्याला पुढं वाकवून बसवलं, नाकात पुन्हा पट्टी भरली, तरी ती लाल होत राहिली. टाका तर पक्का होता, मग हे का, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

मजीदनं जैतुनबीचं मनगट घट्ट धरलं होतं. बोलू नको, असं त्याचे डोळे सांगत होते. गोळी कशाला, डोकं कशानं दुखतं, असं विचारत विचारत बाई तंदूरपर्यंत पोचतील आणि तो कायमचा बंद करतील, ही त्याची भीती. तिलाही तीच होती. तिनं मनगट सोडवून घेतलं.

"बाई, म्या गोळी दिली. भट्टीवर जायच्या आधी ते रोज घेतेत. पानटपरीवरची हाय."

तिनं पदरातून काढून दिलेलं गोळ्यांचं पाकीट बाईंनी उलटंपालटं केलं. "मावशी, मी विचारलं होतं ना?"

"तुमी रक्ताची विचारली. ही डोक्याची हाय."

बाई रागावल्या नाहीत. ह्याच गोळीनं रक्त पातळ होतं आणि थांबत नाही, एवढं सांगून त्या नर्सकडं वळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी पांढरी राहिली, तेव्हा जैतुनबीनं आदल्या दिवसापासूनचा पहिला घास खाल्ला.

घरी दीड महिना वाकायचं नाही, शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, चहा कोमट करून प्यायचा. मजीद चिडचिडा झाला. कोमट चहापेक्षा रक्त परवडलं, म्हणाला. जैतुनबीनं लाल रुमाल फाडून त्याची पोतेरी केली आणि पांढरा आणला.

दीड महिन्यानंतर बाईंनी परवानगी दिली, पण निम्म्याच नानांची आणि गोळीशिवाय. पहिल्या दिवशी ती दुकानाच्या उंबऱ्यावर बसली. तो तंदूरमध्ये वाकला की ती पुढं झुकून बघे. विसाव्या नानाला त्यानं मान वर काढली आणि रुमाल नाकाला लावला. ती उठलीच, रुमाल हिसकावून उजेडात धरला.

डाग होता. पिवळा, हळदीचा.

"बस आता," तो म्हणाला. ती बसली, पण रुमाल तिनं परत दिला नाही.